इंग्रजीतील कालवाचक शब्दयोगी पदसमूह

इंग्रजी वाक्यात शब्दयोगी अव्यय आणि त्याला जोडून येणारे नाम यांचा जो गट क्रियेची वेळ, मुदत किंवा मर्यादा सांगतो, त्यास कालवाचक शब्दयोगी पदसमूह म्हणता येईल. 'ॲट फाइव्ह ओ'क्लॉक', 'ऑन मंडे', 'इन जून', 'फॉर टू अवर्स' ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. असा पदसमूह वाक्यात बहुधा क्रियाविशेषणाचे काम करतो. मराठीत हेच काम सप्तमीचे प्रत्यय व कालवाचक शब्दयोगी अव्यये करतात. भेद असा की, मराठीत ती नामाच्या मागाहून त्याला जोडून येतात (महिना – महिन्यात, महिन्यापासून), तर इंग्रजीत ती नामाच्या आधी व सुटी लिहिली जातात.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (महाराष्ट्र भाषेचे व्याकरण, १८३६) व मोरो केशव दामले (शास्त्रीय मराठी व्याकरण, १९११) यांच्यापासून चालत आलेल्या मराठी व्याकरणपरंपरेत शब्दयोगी अव्ययांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. पूर्वी, आधी, नंतर, पर्यंत, पावेतो इत्यादींना कालवाचक म्हणण्याची रीत शालेय व्याकरणात रुळलेली आहे. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. त्यापूर्वी तो पाचवीपासून असे. इंग्रजीशी ओळख लवकर झाली, तरी या पदसमूहांतील चुका मात्र पूर्वीच्याच राहिल्या आहेत. कारण त्या निष्काळजीपणातून होत नाहीत. मराठीची रचना मनात पक्की असल्यामुळे होतात.

ॲट, ऑन आणि इन

सर्वसाधारण नियम असा : क्षणासाठी 'ॲट', दिवस व तारखेसाठी 'ऑन', त्याहून मोठ्या कालखंडासाठी 'इन'. देवळाली प्रवरा येथून राहुरीस जाणारी बस सहा वाजता सुटत असेल तर 'ॲट सिक्स', ती सोमवारी सुटत असेल तर 'ऑन मंडे', आणि ती पावसाळ्यात बंद राहत असेल तर 'इन द रेनी सीझन'. मराठीत या तिन्ही ठिकाणी वेगवेगळी रूपे येतात, पण ती कालखंडाच्या लांबीवरून ठरत नाहीत. सकाळी, दुपारी, रात्री, सोमवारी, यंदाच्या वर्षी या सर्वांत 'ई' हा एकच प्रत्यय आहे. पहाटे हे रूप एकारान्त, तर महिन्यात, उन्हाळ्यात ही रूपे 'त' घेणारी. म्हणून मराठी रूपावरून इंग्रजी शब्द निवडण्याचा प्रयत्न फसतो.

घड्याळाच्या वेळेबाबत दोन्ही भाषांत एक गमतीचे साम्य आहे. 'पाच वाजता' यातील 'वाजता' हे वाजणे या क्रियापदाचेच रूप आहे. इंग्रजीतील 'ओ'क्लॉक' हा 'ऑफ द क्लॉक' याचा संक्षेप असून 'क्लॉक' हा शब्द मुळात घंटा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. दोन्हीकडे वेळ आधी ऐकली गेली, मग पाहिली गेली.

नियमाला अपवाद आहेतच. सकाळी व सायंकाळी यांसाठी 'इन द मॉर्निंग', 'इन द इव्हनिंग', पण रात्रीसाठी 'ॲट नाइट'. त्याच सकाळला वाराचे नाव जोडले की 'इन' जाऊन 'ऑन मंडे मॉर्निंग' असे होते. वार अधिक बलवान ठरतो. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी या शब्दांनी आरंभ होणाऱ्या कालवाचक गटापूर्वी शब्दयोगी अव्यय येत नाही. 'पुढच्या सोमवारी' यात मराठीने प्रत्यय दिलेला असल्यामुळे विद्यार्थी 'ऑन नेक्स्ट मंडे' लिहितो. शुद्ध रूप नुसते 'नेक्स्ट मंडे' असे आहे. सरकारी मराठीतील 'दिनांक १५ ऑगस्ट १९४७ रोजी' यातील 'रोजी' मात्र 'ऑन'शी अगदी तंतोतंत जुळते. हा शब्द दिवस या अर्थाच्या फारसी 'रोज'वरून आला असल्याने 'दिनांक' व 'रोजी' एकत्र लिहिणे ही खरे तर द्विरुक्तीच आहे, पण ती आता कोणाला खटकत नाही.

'वेळेवर' आणि 'वेळेत' ही जोडी 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यांच्याशी प्रत्ययासकट जुळते. शिकविताना येथून आरंभ केल्यास विद्यार्थ्यांची भीती पुष्कळ कमी होते.

एक 'पासून', दोन इंग्रजी शब्द

सर्वांत अधिक चुका 'सिन्स' व 'फॉर' यांच्या वापरात होतात. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन तासांपासून' या दोन्हींत एकच अव्यय आहे. इंग्रजी मात्र येथे दोन प्रश्न वेगळे करते : क्रिया केव्हा सुरू झाली आणि क्रिया किती वेळ चालली. पहिल्याचे उत्तर आरंभबिंदू, म्हणून 'सिन्स मंडे'. दुसऱ्याचे उत्तर मोजमाप, म्हणून 'फॉर टू अवर्स'. 'सिन्स टू अवर्स' हे मराठी भाषकाच्या इंग्रजीचे जणू ओळखचिन्ह झाले आहे. हिंदीतील 'से'मुळे हिंदी भाषकही तीच चूक करतात.

याच ठिकाणी क्रियापदाचा काळही बदलतो. 'मी दहा वर्षांपासून देवळालीत राहतो' यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीत 'आय लिव्ह' असे चालत नाही. 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे म्हणावे लागते, कारण भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत पोहोचलेली क्रिया ती पूर्ण वर्तमानकाळाने दाखविते. एक सोपी कसोटी उपयोगी पडते. मराठी वाक्यातील 'पासून' काढून 'दोन तास वाट पाहतो आहे' असे म्हणता आले, तर इंग्रजीत 'फॉर' येईल. 'सोमवार वाट पाहतो आहे' असे म्हणता येत नाही, म्हणून तेथे 'सिन्स'.

'दोन वर्षांपूर्वी' याचे भाषांतर 'बिफोर टू इयर्स' असे होणे हाही याच जातीचा दोष होय. दिवाळीपूर्वी म्हणजे 'बिफोर दिवाली', पण आजपासून मागे मोजताना 'टू इयर्स अगो'. 'अगो' हा शब्द मोजमापाच्या नंतर येतो, म्हणजे मराठीच्याच क्रमाने. इंग्रजी शब्द आधी येतात हा नियम पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो.

पर्यंत : मुदतीचा प्रश्न

'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत ये' या वाक्यांत मराठी अव्यय एकच आहे. अर्थभेद क्रियापद करते. थांबणे ही पाचपर्यंत चालू राहणारी क्रिया, तिथे 'टिल' किंवा 'अंटिल'. येणे ही पाचच्या आत एकदाच घडणारी क्रिया, तिथे 'बाय'. 'कम टिल फाइव्ह' असे म्हटल्यास इंग्रजी ऐकणारा गोंधळून जातो.

अर्ज, भरती, न्यायालयीन मुदत यांत हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. 'बिफोर थर्टीएथ जून' याचा शब्दशः अर्थ २९ जून हा शेवटचा दिवस असा होतो, तर 'बाय थर्टीएथ जून' यात ३० जून हा दिवस मोडतो. संदिग्धता नको म्हणून सरकारी इंग्रजीत 'ऑन ऑर बिफोर' असा जोडप्रयोग करतात. भारताच्या सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ नुसार केंद्रीय कायद्यात पहिला दिवस वगळण्यासाठी 'फ्रॉम' व शेवटचा दिवस धरण्यासाठी 'टू' हा शब्द पुरेसा मानला जातो. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ मध्येही ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळला जातो. बोलीतील मराठी याच्या उलट मोजते : 'सोमवारपासून तीन दिवस' म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. १ जूनच्या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची असेल, तर मराठी सवयीने मोजणारा पक्षकार ती ३० जूनला संपली असे समजेल. कायद्याच्या मोजणीने त्याच्या हाती १ जुलैचा दिवस अजून शिल्लक असतो.

दोन वेळांमधील अंतर सांगताना 'बिटवीन' सोबत 'अँड' येतो. 'दोन ते चारच्या दरम्यान' यातील 'ते'मुळे 'बिटवीन टू टू फोर' असे लिहिले जाते, ते अशुद्ध आहे. 'टू' हवा असल्यास आरंभी 'फ्रॉम' घ्यावा.

जेथे मराठी अधिक नेमकी आहे

प्रत्येक वेळी इंग्रजीच सूक्ष्म भेद करते असे नाही. 'इन टू डेज' या पदसमूहाचे दोन अर्थ आहेत. काम पूर्ण केल्याचे वाक्य असेल तर 'दोन दिवसांत', परत येण्याचे वाक्य असेल तर 'दोन दिवसांनी'. 'दोन दिवसांत पैसे देतो' आणि 'दोन दिवसांनी पैसे देतो' यांतील फरक उधारी देणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत पहिला अर्थ निश्चित करायचा असल्यास 'विदिन' वापरावा लागतो.

वाक्यातील स्थान

इंग्रजीत कालवाचक पदसमूह बहुधा वाक्याच्या शेवटी, स्थलवाचकाच्या नंतर येतो : 'आय वेंट टू राहुरी ऑन मंडे'. मराठीत काळ आधी, स्थळ नंतर : 'मी सोमवारी राहुरीला गेलो'. अनेक कालवाचक एकत्र आल्यास मराठी मोठ्याकडून लहानाकडे जाते (सोमवारी सकाळी सहा वाजता), इंग्रजी बहुधा लहानाकडून मोठ्याकडे (ॲट सिक्स ऑन मंडे मॉर्निंग). काळावर भर द्यायचा असल्यास किंवा कथनाला आरंभ करायचा असल्यास इंग्रजीतही तो पदसमूह वाक्यारंभी आणतात.

स्थान चुकल्यास अर्थ डळमळतो. 'ही सेड ऑन मंडे ही वुड कम' या वाक्यात सोमवार बोलण्याचा की येण्याचा, हे लेखनावरून कळत नाही. मराठीत 'तो सोमवारी म्हणाला की मी येईन' आणि 'तो म्हणाला की मी सोमवारी येईन' अशी दोन वेगळी वाक्ये होतात. इंग्रजीत हाच भेद दाखविण्यासाठी 'दॅट' हा शब्द पदसमूहाच्या आधी किंवा नंतर घालावा लागतो. तो गाळण्याची सवय लेखनात तरी टाळलेली बरी.