दाब वाढला, पण फायदा किती?

अमेरिकेत काडतुसे विकणाऱ्या दुकानात एकाच मापाची दोन खोकी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. गोळीचे वजन सारखे, पुंगळीचा आकार सारखा. फक्त एका खोक्यावर 'प्लस पी' असे जास्तीचे छापलेले असते. याचा अर्थ, नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस. जास्त दाब म्हणजे जास्त ताकद, तेव्हा स्वसंरक्षणासाठी तेच बरे, असा हिशेब अनेक ग्राहक करतात. तो कितपत खरा आहे?

चाप ओढल्यावर पुंगळीच्या तळाशी असलेले स्फोटक पेटते, त्यामुळे आतली दारू जळते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. या वायूचा दाब किती असावा, याची कमाल मर्यादा अमेरिकेतील उत्पादकांची 'सामी' ही संस्था ठरवते. 9 मिमी लुगर काडतुसासाठी ती दर चौरस इंचाला 35,000 पौंड आहे आणि त्याच्याच प्लस पी प्रकारासाठी 38,500. तुलनेसाठी सांगायचे, तर घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला जादा दाब जेमतेम 15 पौंड असतो.

म्हणजे मर्यादा दहा टक्क्यांनी वाढली. पण गोळीचा वेग तेवढा वाढत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे ऊर्जेत दहाएक टक्के भर पडली, तरी वेग त्याच्या निम्म्यानेच वाढतो. साधारण 8 ग्रॅमची गोळी नेहमीच्या काडतुसातून सेकंदाला सुमारे 350 मीटर वेगाने निघते, तर प्लस पीमधून सुमारे 366 मीटर. ऊर्जा 490 ज्यूलवरून 536 ज्यूलवर जाते. हाताला बसणारा धक्काही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. हातातले पिस्तूल छोटे आणि हलके असेल, तर तो अधिक जाणवतो आणि दुसरी गोळी नेमकी मारणे अवघड होते.

जास्तीच्या ऊर्जेने शरीरात काय फरक पडतो? गोळी आत शिरताना आजूबाजूच्या ऊती क्षणभर बाजूला सारते. स्नायू आणि फुप्फुस लवचीक असल्याने बहुतांशी पुन्हा जागेवर येतात. यकृतासारखे अवयव तेवढे लवचीक नसतात. रायफलच्या वेगाला ही क्षणिक पोकळी मोठी हानी करते. पिस्तुलाच्या वेगाला मात्र मुख्यतः गोळीच्या थेट वाटेत आलेल्या ऊतीच चिरडल्या जातात. त्यामुळे गोळी कुठे लागली आणि किती खोल गेली, यावर परिणाम ठरतो.

हा धडा एफबीआयला महागात मिळाला. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार झाले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरलेली 9 मिमीची गोळी हृदयाच्या थोडी अलीकडेच थांबली आणि तो गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या सुरू केल्या आणि गोळी किमान 12 इंच खोल जावी, असा निकष ठरवला. अधिक ताकदीचे 10 मिमी काडतूस आणले, पण त्याचा धक्का सोसेना म्हणून त्याची ताकद कमी करावी लागली. पुढे .40 मापाचा प्रयोग झाला. अखेर गेल्या दशकात, गोळ्यांची रचना सुधारल्यावर, ही संस्था पुन्हा 9 मिमीकडे वळली.

प्लस पीचा उपयोग कधीच नाही, असे नव्हे. नळी आखूड असेल, तर वेग घटतो आणि टोकाशी पोकळ असलेली गोळी नीट फुलत नाही. तिथे थोडा जादा वेग कामी येतो. गाडीच्या काचेतून गोळी झाडावी लागणाऱ्या पोलिसांनाही त्याचा लाभ होऊ शकतो. मात्र गोळी फार लवकर फुलली, तर ती कमी खोल जाते.

धोका जुन्या शस्त्रांना अधिक आहे. .38 स्पेशल हे काडतूस 1898च्या सुमाराचे. त्याची मर्यादा 17,000 पौंड आणि प्लस पीची 20,000. 1935 मध्ये त्याहून कितीतरी जास्त दाबाचे .357 मॅग्नम आले, तेव्हा ते जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून त्याची पुंगळी मुद्दाम सुमारे 3 मिलिमीटर लांब ठेवली गेली. प्लस पीच्या बाबतीत असा अडसर नाही. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरमध्येही ते सहज बसते. खोक्यावरची आणि पुंगळीच्या तळावरची खूण एवढीच सूचना. 'प्लस पी प्लस' लिहिलेल्या काडतुसांना तर 'सामी'ची मर्यादाच नाही.

कानांचे नुकसान मात्र दोन्ही खोक्यांत आहे. एकाच आवाजाने श्रवणशक्तीला इजा होऊ नये, यासाठी 140 डेसिबलची मर्यादा मानली जाते. पिस्तुलाचा बार 155 ते 165 डेसिबलपर्यंत जातो. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि कानात कायमची गुणगुण मागे राहू शकते. बंद खोलीत, आखूड नळीतून झाडलेली गोळी आणखी त्रासदायक ठरते.

म्हणून अशा ग्राहकाने आधी आपल्या शस्त्राची माहितीपुस्तिका उघडून त्यात प्लस पीला परवानगी आहे का, ते पाहावे. परवानगी असेल, तर दोन्ही काडतुसे सरावाच्या मैदानावर, कानांवर संरक्षण चढवून झाडून पाहावीत आणि ज्याने सलग पाच गोळ्या नेमक्या जागी लागतात, ते निवडावे.