पहिली त्वचानिगा : तीन वस्तू, आणि एक ट्यूब जी घ्यायची नाही

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "डॉक्टर, आता व्याख्यानमालेत फेस वॉशवर बोलणार की काय?" मी म्हटलं, हो, बोलणार. कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तरुण मुलामुलींचं मूळ दुखणं अगदी किरकोळ असतं. ते मोठं होतं ते उपायांमुळे.

एक उदाहरण सांगतो. वसतिगृहात राहणारी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी. गालावर चार मुरूम. मैत्रिणीनं एका क्रीमचं नाव सांगितलं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळालं. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ. मुलगी खूश! चार महिन्यांनी क्रीम संपलं, घरून पैसे यायचे होते, म्हणून लावलं नाही. तिसऱ्या दिवशी चेहरा लाल, आग आग, उन्हात उभं राहवेना. पुन्हा लावलं की शांत, थांबवलं की भडका. माझ्यासमोर बसली तेव्हा मुरूम चाराचे चाळीस झाले होते आणि गालांवर बारीक केस आले होते.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही, हे आधी स्पष्ट करतो. एक्झिमासारख्या आजारात योग्य जागी, मोजके दिवस वापरलं तर ते मोठं वरदान आहे. पण चेहऱ्यावर रोज लावलं की काय होतं? त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज दबते, म्हणून चेहरा गोरा वाटतो. आतून मात्र कातडी पातळ होत जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरीही ती सर्रास मिळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

गंमत अशी, की ट्यूबवर 'स्टिरॉइड' हा शब्द बहुधा नसतोच. तिथं नाव असतं क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा डेक्सामेथासोन. ही पाच नावं आज वहीत लिहून घ्या. आणि असं क्रीम आधीच महिनोन् महिने चालू असेल, तर घाबरून उद्यापासून एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कधी कधी ते हळूहळू उतरवावं लागतं.

बरं, मग घ्यायचं काय? पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला तीन वस्तू पुरतात. धुणं, ओलावा टिकवणं, ऊन अडवणं. बस्स.

पहिलं, धुणं. आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्यामुळे साबणानं चेहरा धुतल्यावर जो ताणल्यासारखा 'स्वच्छ' भास होतो ना, तो स्वच्छतेचा नाही, कोरडेपणाचा आहे. म्हणून चेहऱ्यासाठी सौम्य, साबणविरहित फेस वॉश किंवा सिंडेट बार घ्यावा. दिवसातून दोनदा पुरे. मध्ये घाम आला तर नुसतं पाणी. या वस्तूवर जास्त पैसे घालू नका. ती चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहते आणि मोरीत वाहून जाते! तिच्यात महागडं व्हिटॅमिन घातलं तरी ते तुमच्या नशिबी नाही, मोरीच्या नशिबी आहे.

दुसरं, मॉइश्चरायझर. घटकांच्या यादीत साधारणपणे जे जास्त प्रमाणात असतं ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन दिसलं तर चांगलं. ते पाणी धरून ठेवतं. पेट्रोलियम जेली ते पाणी उडू देत नाही. तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ लोशन, कोरडीला क्रीम. चेहरा धुऊन टिपल्यावर थोडा ओलसर असतानाच लावा, म्हणजे कमी लागतं. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर नको. केसांचं तेल कपाळावर उतरतं आणि नेमके तिथंच मुरूम येतात, हेही बघा.

तिसरं, सनस्क्रीन. पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा. एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन अतिनील ब किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा. त्यासाठी दुप्पट किंमत मोजू नका. अतिनील अ किरणांसाठी 'पीए'पुढची अधिक चिन्हं किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द बघा. आपल्या सावळ्या रंगाला उन्हानं भाजण्यापासून थोडं संरक्षण असतं हे खरं. पण मुरुमांचे डाग आणि वांग ऊन लागून गडद होतात, तेही आपल्याच त्वचेत जास्त.

आता हिशेब करू. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा म्हणजे साधारण एक ग्रॅम. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर सुमारे ५० दिवस. तुमची ट्यूब सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा नैवेद्य दाखवता! समजा ट्यूब ३०० रुपयांची आहे, तर रोजचे सहा रुपये झाले. एका कटिंग चहाच्या आसपास. दुकानात किंमत बघू नका, ग्रॅममागे किंमत बघा. आणि भर उन्हात फिरायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. ते परवडत नसेल तर छत्री, टोपी, ओढणी. त्यांचा खर्च एकदाच होतो.

तिन्ही वस्तू एकाच दिवशी सुरू करू नका. एकेक आणा. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा. खाज आली, पुरळ उठलं तर निदान कशामुळे ते कळेल.

स्वयंपाकघरातले उपाय? लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर नको. एक फार आम्ल, दुसरा अल्कली. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. डाळीचं पीठ अंगाला लावा, पण मुरुमांवर खसाखसा चोळू नका. टूथपेस्ट दातांसाठी आहे.

मुरूम जास्त असतील, दुखत असतील, खड्डे पडत असतील, तर चौथी-पाचवी बाटली विकत घेण्याऐवजी तेच पैसे साठवून एकदा डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात हे फार कमी खर्चात होतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, कारण मुरुमांची काही औषधं तेव्हा चालत नाहीत. आणि धीर धरा. मुरुमांच्या उपचाराचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत चेहरा उजळवणारं क्रीम मिळालं, तर आनंद मानू नका. ट्यूब उलटी करून त्यावरची नावं वाचा.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : "मुलग्यांनाही हेच लागू का?" हो, अगदी हेच. त्वचेला मुलगा-मुलगी कळत नाही. दाढी केल्यावर तुरटी फिरवत असाल तर त्यावर मॉइश्चरायझर लावा, एवढंच जास्तीचं.

ती मुलगी आता बरी आहे. दहा महिने लागले. तिची आताची ट्यूब, बाटली आणि वडी एका छोट्या डब्यात मावते. आज घरी गेल्यावर तुमचाही डबा उघडा आणि ती पाच नावं शोधा.