आईच्या खुर्चीची पंचवीस वर्षं

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच पावसाळ्यात आईनं धानाचा शेवटचा रोवणा केला. गुडघे साथ देईनात. बसलं की उठता येईना, आणि उठायला दर वेळी कुणाचा तरी हात लागे. तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच.

पहिला उपाय विटांचा. खुर्चीच्या पायांखाली चार विटा ठेवल्या. एक सरकली आणि आई पडता पडता वाचली. मग गल्लीतल्या सुतारानं खुर्ची केली. त्यानं आधी आईला उभं करून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत सुतळी धरली आणि त्यात चार बोटं वाढवली. "पाय पुरे टेकले पायजे काकू," एवढंच बोलला. खुर्चीचे हात पुढे काढले, कारण उठताना जोर पुढेच पडतो. समोरची आडवी पट्टी लावलीच नाही. पाय मागे घेतल्याशिवाय माणूस उठत नाही. ती खुर्ची चौदा वर्षं चालली.

पुढे तेवढंही पुरेना, म्हणून मोटारीची खुर्ची आणली. बटण दाबलं की मोटार दांडा ढकलते, बैठक मागून उचलली जाऊन पुढे कलते आणि माणूस जवळजवळ उभा होतो. कल्पना फार मोलाची आहे. पण बैठक इतकी खोल की आईची पाठ टेकली तर पाय लोंबत. एकदा खुर्ची अर्ध्यावर असतानाच वीज गेली आणि आई तासभर तशीच अडकली. बॅटरी नव्हती. त्या दिवशी मला सुताराची सुतळी आठवली.

हा प्रश्न म्हाताऱ्यांचाच नाही. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला की तरुण पोरांनाही उठणं जड जातं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतलं, हे योग्यच झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांसाठी ३,००० रुपये ठरले. त्यात कमोड खुर्ची येते, मोटारीची येत नाही. पण तेवढ्यात गावचा सुतार मापाची साधी खुर्ची करून देऊ शकतो, आणि पुष्कळांना तेवढी पुरते.

म्हणून सांगते, खुर्ची विकत घ्या की बनवून घ्या, आधी बसणाऱ्याचं माप घ्या. मोटारीची घेणार असाल तर बॅटरी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.