नेट मुद्दाम हळू केलं तेव्हा

"सर, फाईल उघडलीच नाही." आठवीतली एक मुलगी तीन आठवडे हेच सांगत होती. तीच फाईल आमच्या मोबाइलवर क्षणात उघडायची. चौथ्या आठवड्यात आम्ही तिला भर वर्गात बहाणेबाज म्हणालो. ती मान खाली घालून बसून राहिली.

रात्री जेवताना हा विषय निघाला. सुट्टीला आलेला भाचा संगणकाचं शिकतो. तो म्हणाला, "मामू, तुमच्याकडे वायफाय आहे. तिच्यासारखं नेट घरात तयार करून बघा की."

नेट वाढवायला लोक पैसे मोजतात, आम्ही ते कमी करायला बसलो. माळ्यावरचा जुना संगणक उतरवला, त्यात लिनक्स टाकलं आणि दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. एका कार्डाला घरच्या इंटरनेटची वायर, दुसऱ्याला एक जुना राउटर, आणि मोबाइल त्या राउटरवर. आता मोबाइलची सगळी ये-जा त्या संगणकातूनच. लिनक्समध्ये 'नेटेम' नावाची सोय असते. ती टोलनाक्यासारखी माहिती अडवून धरते. क्रोम ब्राउझरमध्येही नेट हळू करता येतं, पण ते त्या ब्राउझरपुरतंच; आमचा गृहपाठ जातो व्हॉट्सअ‍ॅपवर.

पहिल्या दिवशी फसगत झाली. नेटेम बाहेर जाणाऱ्या माहितीलाच अडवतो. आम्ही तो इंटरनेटच्या बाजूच्या कार्डावर लावला होता, म्हणून मोबाइलकडे येणारी फाईल पूर्वीसारखीच धावत आली. मग दोन्ही कार्डांवर लावला.

रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. तोच ठेवला. आमची फाईल ९ एमबीची. हिशेबाने १९ मिनिटं! भाच्याने मग अर्ध्या सेकंदाचा उशीर घातला आणि शंभरातले पाच तुकडे वाटेत गाळले. गळालेला तुकडा पुन्हा मागवावा लागतो, त्यात वेग आणखी मरतो. चहा झाला, इशाची नमाज झाली, फाईलचं वर्तुळ फिरतच होतं. शेवटी आम्हीच ती रद्द केली.

फेसबुकने २०१५ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'टूजी मंगळवार' सुरू केला होता. मंगळवारी तासभर टूजीच्या वेगाने अ‍ॅप वापरून पाहायची सोय. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करून पाहावं लागलं, ते आम्ही मास्तरांनी कधी केलंच नव्हतं.

फाईल एवढी जड का? तर उर्दू नस्तालीकमध्ये टाइप करायचा आमचा आळस. हाताने लिहायचं, फोटो काढायचे, जोडून पाठवायचं. टाइप केलं तर उर्दूचं एक अक्षर २ बाइट घेतं, मराठीचं ३. दोन हजार चिन्हांचं मराठी पान ६ केबीच्या आसपास. त्याच टोलनाक्यातून तो धडा दोन-तीन सेकंदांत आला. अक्षरं साधी दिसतात, नस्तालीकचा डौल नाही, हे खरं.

सोमवारी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली. ती आधी गप्पच राहिली. मग म्हणाली, "सर, रात्री नऊनंतर नेट जरा बरं चालतं. पण अब्बा फोन घेऊन नाइट ड्युटीला जातात."

टाइप केलेला गृहपाठ आता आम्ही दुपारी शाळा सुटण्याआधीच पाठवतो, आणि तिच्या वहीत आपल्या हाताने उतरवून देतो.