गृहशिक्षणातील इतिहासाचा क्रम व भावंडांचे वयभेद

शाळेत मुलांची विभागणी वयानुसार होत असल्यामुळे अभ्यासक्रम आखणाऱ्यास एक प्रश्न सहसा पडत नाही: बारा, नऊ व सहा वर्षांच्या मुलांना एकाच वेळी कोणता इतिहास शिकवावा? घरी शिकविणाऱ्या पालकांपुढे मात्र तो पहिल्याच दिवशी उभा राहतो. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले, आणि तेथे या प्रश्नाचा बराच ऊहापोह झाला. गणितात प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर राहणे अपरिहार्यच असते. इतिहासातही तसेच केले, तर सकाळी इजिप्त, दुपारी धर्मयुद्धे आणि सायंकाळी लिंकन अशी एकाच शिक्षिकेची, म्हणजे बहुधा आईची, ओढाताण होते. शिवाय जेवताना तिन्ही भावंडांनी मिळून बोलावे असा विषयच उरत नाही.

यावरील सर्वांत प्रचलित तोडगा चतुर्वार्षिक चक्राचा होय. जेसी वाइझ व सूझन वाइझ बाउअर या मायलेकींच्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ (१९९९) या ग्रंथाने तो लोकप्रिय केला. प्राचीन काळ, इ. स. ४०० ते १६००, १६०० ते १८५० आणि १८५० पासून पुढे असे चार खंड चार वर्षांत वाचावयाचे व बारा वर्षांत हे चक्र तीनदा फिरवावयाचे. जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या सर्पिल अभ्यासक्रमाच्या कल्पनेशी याचे नाते उघड आहे. तोच विषय वाढत्या वयाबरोबर अधिक खोलीने परत भेटतो. कुटुंबापुरता याचा अर्थ असा की, सर्व भावंडे एकाच कालखंडात राहतात, ग्रंथ मात्र वयानुरूप वेगळे असतात.

तथापि येथे एक साधे अंकगणित आड येते. थोरल्याने सहाव्या वर्षी प्राचीन काळापासून आरंभ केला, तर चार वर्षांनी लहान असलेले भावंड बरोबर प्राचीन काळापाशीच येऊन मिळते. अंतर तीन वर्षांचे असेल, तर मात्र त्याचा इतिहासाशी पहिला परिचय १८५० नंतरच्या जगापासून होतो. क्रमभंगाच्या भीतीने अनेक पालक दोन स्वतंत्र चक्रे चालवू पाहतात.

ही भीती अवाजवी आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ इयत्ता चौथीत शिवचरित्र शिकविले गेले आणि प्राचीन भारताचा पद्धतशीर अभ्यास त्यानंतरच्या इयत्तांत आला; म्हणून मौर्यांना शिवकालानंतरचे समजणारी पिढी निर्माण झाली नाही. लहान मुलाच्या मनात प्रथम माणसे व प्रसंग ठसतात, कालानुक्रम मागाहून जुळतो. इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनीही बालवयात संपूर्ण रूपरेषा देण्यापेक्षा एखाद्या व्यक्तीच्या चरित्रात वा एका युगात मुलास रमू द्यावे, असेच प्रतिपादन केले. त्यांच्या शिक्षणपद्धतीत रुळलेली शतकवही येथे फार उपयोगी पडते. तीत प्रत्येक शतकाला ठरावीक पाने असतात. वाचलेली गोष्ट कोणत्याही क्रमाने आली, तरी तिची नोंद योग्य पानावरच होते. वाचलेला उतारा मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावा, ही त्यांची दुसरी रीतही भिन्न वयांना सोईची आहे. मात्र धाकट्याने आधी सांगावे. थोरल्याने प्रथम सांगितले की धाकट्यास उरते काय?

खरी अडचण क्रमाची नसून आशयाची आहे. तिसऱ्या खंडात गुलामगिरी येते, चौथ्यात ज्यूंचा संहार व हिरोशिमा. पैकी तिसऱ्या खंडाचे वाटप साधता येते. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्र थोरल्याने मूळातून वाचावे. सहा वर्षांच्या मुलास त्यातील बाल्टिमोरच्या मुलाची हकीगत सांगावी. मालकिणीने शिकविलेली मुळाक्षरे मालकाने बंद पाडली, तेव्हा त्याने रस्त्यावरच्या गरीब मुलांना पाव देऊन वाचन शिकून घेतले. हे सहा वर्षांच्या मुलास कळते आणि त्यात असत्य काही नाही.

चौथ्या खंडात अशी सोय क्वचितच सापडते. ॲन फ्रँकला रोजनिशी मिळाली ती १९४२ मध्ये, तिच्या तेराव्या वाढदिवशी, आणि वाचकाचे वयही साधारण तेवढेच असावे. बाउअर यांच्या ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ या बालमालिकेचा चौथा भागही आधीच्या भागांहून प्रौढ आहे. तो सहा वर्षांच्या मुलापुढे केवळ वेळापत्रकाच्या सोयीसाठी वाचणे समर्थनीय नाही. त्या वर्षी धाकट्यास विमानाचा शोध, ध्रुवयात्रा, गांधीजींची दांडीयात्रा यांवर थांबवावे आणि युद्धप्रकरणे थोरल्याने स्वतंत्रपणे वाचावीत; किंवा तिसराच खंड आणखी एक वर्ष लांबवावा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास तर मूळ कागदपत्रे व परस्परविरोधी साक्षी तपासण्यासाठी सामायिक वाचनाबाहेरचा रोजचा वेळ लागतोच. तो राखून ठेवल्यावर उरेल तेवढाच भाग सर्वांनी एकत्र वाचावा.