गाडीचा आंस आणि तिचा तोल

मोटारीच्या कारखान्यांत ज्याला 'ॲक्सल' म्हणतात, तो शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाहीं. संस्कृतांतील 'अक्ष', लॅटिनांतील 'ॲक्सिस' आणि इंग्रजींतील 'ॲक्सल' हे एकाच कुळांतले. मराठींत त्याच अक्षाचा 'आंस' झाला. आपस्तंब शुल्बसूत्रांत रथाचीं मापें दिलीं आहेत, त्यांत जूं ८६ अंगुळें आणि आंस १०४ अंगुळें सांगितला आहे. अंगुळ पाऊण इंचाचें धरिलें तर हा आंस साडेसहा फूट भरतो, आणि जुंवाहून दीड वीत लांब पडतो. आंस किती लांब असावा, हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला नाहीं, एवढेंच ह्यावरून सांगावयाचें आहे.

आज तोच प्रश्न कित्येक सुशिक्षित घरांच्या अंगणांत येऊन उभा राहिला आहे. घरांतील एखादा तरुण जुनी जिप्सी विकत घेतो, सुट्टींत ती घेऊन डोंगरांत, नदीच्या पात्रांत, दगडधोंड्यांत हिंडतो, आणि एके दिवशीं जेवतांना जाहीर करतो कीं, "गाडीचे जुने आंस काढून रुंद आंस बसवणार, म्हणजे ती उलटायची नाहीं." वडील मंडळींस खर्चाची काळजी पडते. घरांतील बायकांची काळजी निराळी. मुलेंबाळें त्याच गाडींतून गांवीं जावयाचीं असतात. तरुणाचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच खरें आहे, आणि उरलेलें अर्धें समजून घेतल्यावांचून घरानें होकारहि देऊं नये आणि नकारहि देऊं नये.

गाडी उलटते म्हणजे काय होतें? कोणत्याहि पदार्थाचें सगळें वजन एका बिंदूंत एकवटलें आहे असें मानतां येतें. त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. तेथून ओळंबा सोडला आणि तो डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यें पडला, तर गाडी उभी राहते. उताराकडील चाकाच्या बाहेर पडला, कीं ती कलंडते. म्हणून तोल दोन मापांवर ठरतो. एक माप, दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराचें अर्ध. दुसरें, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. येणारा आंकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. शाळेच्या बांकावर आडवी ठेविलेली वीट ढळत नाहीं आणि तीच उभी ठेविली तर बोटाच्या धक्क्यानें पडते, त्याचें कारण हेंच. अमेरिकेंतील सरकारी वाहतूक-सुरक्षा खातें २००१ च्या नमुन्यांपासून ह्याच भागाकाराच्या आधारें गाड्यांना श्रेणी देऊं लागलें. बैठ्या मोटारींचा आंकडा बहुधा १.३ ते १.५ असतो, जीपच्या जातीच्या उंच गाड्यांचा १.० ते १.३.

त्या देशांत हा विषय सामान्य जनांच्या तोंडीं आला तो १९८० च्या डिसेंबरांत. '६० मिनिट्स' ह्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत सीजे-५ नांवाची आंखूड जीप वळणावर उलटत असल्याच्या चांचण्या दाखविण्यांत आल्या. १९८२ पासून तिच्या मोठ्या बहिणीस, म्हणजे सीजे-७ ला, रुंद आंस मिळाले. आणि १९८३ नंतर सीजे-५ निघेनाशी झाली.

आपल्याकडे मारुति जिप्सी १९८५ सालीं आली. तिच्या पुढल्या चाकांमधील अंतर १२१ सेंटिमीटर आणि मागल्या चाकांमधील १२२ सेंटिमीटर होतें. १९९३ सालीं कारखानदारांनींच तें ९ सेंटिमीटरांनीं वाढवून अनुक्रमें १३० व १३१ केलें. चाकें बाहेर आल्यामुळें त्यांच्यावरील पत्र्यास बाहेर पसरलेल्या कडा लावाव्या लागल्या, आणि ही 'वाइड ट्रॅक' जिप्सी आजहि त्या कडांवरून लांबूनच ओळखूं येते. पूर्वीच्या अरुंद जिप्सीस ह्या मागाहूनच्या जिप्सीचे आंस बसविणें, हीच आपल्या तरुणाची खटपट.

आतां लाभ किती, तें पाहूं. हिशेबापुरता गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर धरूं. जुन्या गाडीचें अर्धें अंतर साठ पूर्णांक पांच. त्यास ६५ नें भागिलें असतां ०.९३ येतात. म्हणजे आडव्या उतारावर ती सुमारें ४३ अंशांपर्यंत टिकेल. नव्या आंसाचें अर्धें अंतर ६५. भागाकार बरोबर १, आणि कोन ४५ अंश. नफा दोन अंशांचा. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर, टायर घसरले नाहींत तर, जुनी गाडी ताशीं ६० किलोमीटरांच्या सुमारास उलटेल आणि नवी ६२ च्या सुमारास. हेहि कागदावरचे आंकडे झाले. प्रत्यक्षांत कमानी दबतात, टायर वांकतात, आणि गाडी त्याच्या आधींच कलंडते. तरीहि दगडांतून सावकाश चालतांना हे दोन अंश मोलाचे आहेत, हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु आपले तरुण रुंद आंसावर थांबत नाहींत. त्यापाठोपाठ मोठे टायर येतात, उंच कमानी येतात, टपावर लोखंडी कॅरियर चढतो. गुरुत्वमध्य ६५ वरून ७० वर गेला, कीं ६५ भागिलें ७०, पुन्हां ०.९३! रुंदींत मिळविलेले ९ सेंटिमीटर उंचींतील ५ सेंटिमीटरांनीं गिळून टाकिले. ह्याहून साधें उदाहरण आपल्या घरचेंच घ्या. माणसें धरून गाडी १,२०० किलो आहे, आणि गांवीं जातांना टपावर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, १०० किलोंच्या ट्रंका व आंब्यांच्या पेट्या बांधिल्या आहेत. गुरुत्वमध्य तेवढ्यानेंच सुमारें १० सेंटिमीटर वर चढतो. भागाकार ०.८७, कोन ४१ अंश. रुंद आंस बसवूनहि ही गाडी मूळच्या अरुंद, पण रिकाम्या टपाच्या गाडीपेक्षां अधिक डळमळीत झाली!

कामाचा व्यापहि लहान नाहीं. आंस बदलणें म्हणजे पलंगाचा पाय बदलणें नव्हे. कमानींच्या बैठका नेमक्या जागीं यावयास हव्यात. सुकाणूचे दांडे, ब्रेकच्या नळ्या आणि इंजिनाची गति आंसापर्यंत नेणारा शाफ्ट ह्यांचीं मापें जुळावयास हवींत. पुढल्या व मागल्या आंसांतील दांतेरी चक्रांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. तें भिन्न असल्यास चारी चाकांना गति जोडतांच दोन्ही आंस एकमेकांशीं झगडूं लागतात आणि दांते मोडण्याची वेळ येते. शिवाय कमानी जागच्या जागींच राहिल्यामुळें गाडीचें अंग डोलावयाचें तितकें डोलतेंच. आंस तोच ठेवून चाकाच्या मागें 'स्पेसर' नांवाची चकती घालणें स्वस्त पडतें खरें. परंतु चाक बेअरिंगापासून दूर गेल्यानें त्यावरील ताण वाढतो.

रुंदीचे तोटेहि आहेत. चिखलांत इतर गाड्यांनीं पाडलेली चाकोरी अरुंद असली, तर रुंद गाडीचें एक चाक चाकोरींत आणि दुसरें वरंब्यावर चालतें. म्हणजे ज्या कलण्यास भ्यालों तेंच पदरीं आलें. कायद्याचेंहि भान ठेविलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करूं देत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें कलम ह्याच अर्थानें उचलून धरिलें. परिवहन कार्यालयांत विचारल्यावांचून कामास हात घालूं नये.

तेव्हां घरांत हा विषय निघाला, तर वाद घालण्याऐवजीं वडिलांनीं कागद-पेन्सिल घेऊन मुलाशेजारीं बसावें आणि तीन गोष्टी विचाराव्या. दोन्ही आंस एकाच गाडीचे, जोडीनें मिळत आहेत काय? काम झाल्यावर गाडीची उंची आहे तेवढीच राहील काय? आणि सरकारदप्तरीं हें चालेल काय? तिन्हींचें उत्तर 'होय' असेल, तर त्याला खुशाल आशीर्वाद द्यावा. एकाचेंहि उत्तर 'नाहीं' असेल, तर आधीं टप मोकळा करावयास सांगावें. त्याला एक पैसाहि लागत नाहीं.