घरचा वॉटर ब्लॉक: तांब्याचा तुकडा आणि बदलापूरचा उन्हाळा

बदलापूरहून एका श्रोत्यानं विचारलंय: गेम खेळताना प्रोसेसर नव्वद अंशांवर जातो, बाजारातला वॉटर कूलर परवडत नाही, तर ब्लॉक घरी करता येईल का? येईल. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही अशाच द्रव-शीतनावर चालतो. तत्त्व तेच.

पण एक गैरसमज आधी काढूया. पाणी गारवा तयार करत नाही, उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, बस. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असेल तर पाणी त्याहून गरमच राहणार. मग काहीजण टाकीत बर्फ घालतात. कृपा करून नको! दमट हवेत थंड ब्लॉकला घाम येतो आणि तो थेट मदरबोर्डवर टपकतो.

आता गणित बघा. १२५ वॉटचा प्रोसेसर, मिनिटाला एक लिटर पाणी: ब्लॉकमधून जाताना पाणी दोन अंशसुद्धा तापत नाही. म्हणजे पंप मोठा घेऊन फारसं काही साधत नाही. खरी कसोटी प्रोसेसर आणि तांब्यामधल्या फटीची.

तांबं कुठून आणायचं? इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये जाडजूड बसबार असतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत उरलेला तुकडा विचारून बघा. १२ मिलिमीटर जाडीचा घ्या. त्यात लांबीच्या दिशेनं सहा मिलिमीटरची चार समांतर भोकं, आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणारं एकेक आडवं भोक. पाणी एका आडव्या भोकातून शिरतं, चार वाटांनी जातं, दुसरीकडे गोळा होतं. तांबं चिकट असतं, ड्रिल अडकतं. तेल घालत, बुरा काढत, हळू चला. उघडी राहिलेली तोंडं बंद करायला फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडे जा. तांब्याचं ब्रेझिंग हे त्याचं रोजचं काम. अ‍ॅक्रिलिकचं झाकण दिसतं छान, पण पहिल्या ब्लॉकला मी ते टाळेन. तडा गेला की संपलं.

घासणं मात्र ब्रेझिंगनंतरच, कारण आचेनं तुकडा वाकतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी मारून ४००, ८००, मग १२०० नंबर. स्टीलची पट्टी उभी धरा, खालून उजेड दिसला तर परत घासा. कंटाळवाणं आहे, पण इथेच अंश कमी होतात. बसवताना जुन्या कूलरचीच क्लॅम्प-पट्टी वापरा, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं आळीपाळीनं आवळा.

रेडिएटर घेताना जपून. गाडीच्या हीटरचा स्वस्त मिळतो, पण तो बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे चक्क बॅटरी. अ‍ॅल्युमिनियम झिजून गळायला लागतं. पाणी नळाचं नको, आरओचंही नको, डिस्टिल्डच.

आणि सगळं जोडून झाल्यावर लगेच कॉम्प्युटर सुरू करू नका. ब्लॉक बाहेर टेबलावर, खाली टिश्यू पेपर, पंप वेगळ्या अडॅप्टरवर, पूर्ण चोवीस तास. टिश्यूवर एक जरी ओला ठिपका दिसला, तर परत एसीवाल्याकडे.